लेथला लोखंड लावता येत नाही : संगणकातला अ‍ॅनालॉग सिंथ कसा निवडायचा, कसा वाजवायचा

बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग काळंकुट्ट, ओबडधोबड असायचं, अंगाला वाळूचे कण चिकटलेले. बाबा ते चकमध्ये धरायचे, टूल जवळ आणायचे आणि नको तेवढं लोखंड काढत जायचे. डबा द्यायला गेले की मी तिथंच उभी राहून बघायची. एकदा विचारलं, आधीच बारीक का ओतत नाहीत, काम तरी कमी होईल. बाबा म्हणाले, "अगं, लेथला लोखंड काढता येतंय, लावता येत नाही. कास्टिंग भरभक्कम आलं तरच त्यातनं जॉब निघतोय."

पुढं मी पेटी शिकले, भजनी मंडळात साथ करू लागले, आणि आता बरीच वर्षं नाटकांना आणि छोट्या माहितीपटांना संगीत देते. घरातलीच एक खोली, एक लॅपटॉप, एक चार सप्तकांचा कीबोर्ड. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचं, म्हणजे विजेच्या लहरींतून आवाज घडवणाऱ्या वाद्याच्या संगणकातल्या नकलेचं, पान पहिल्यांदा पडद्यावर उघडलं तेव्हा तीसचाळीस बटणं बघून मी ते बंद केलं होतं. बाबांचं ते वाक्य आठवलं आणि सगळं जागेवर बसलं. अ‍ॅनालॉग सिंथमध्ये आधी भरभक्कम आवाज ओततात आणि मग त्यातला नको तो भाग कातून काढतात. ओतणाऱ्या भागाला ऑसिलेटर म्हणतात, कातणाऱ्याला फिल्टर. टूल किती वेगानं पुढं जाणार आणि कधी मागं येणार हे ठरवणारा हात म्हणजे एन्व्हलप. बाकीची बटणं या तिघांच्या सेवेला असतात.

हे यंत्र मुळात लाकडाच्या आणि पत्र्याच्या पेटीतलं. रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली अमेरिकेत पहिले नमुने दाखवले. त्या काळातला पूर्ण सिंथ कपाटाएवढा असे आणि प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला वायरनं जोडावा लागे. असा एक मूग १९६९ मध्ये आपल्याकडं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, बसवला गेला होता. १९७० साली मिनीमूग आला आणि सिंथ एका माणसाला उचलून नेता येईल एवढा झाला. १९७८ च्या प्रॉफेट-५ ला एका वेळी पाच सूर वाजवता आले आणि केलेला आवाज साठवून ठेवता आला. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीचे सिंथ वापरून रागांचं रेकॉर्डिंग केलं, त्याची रेकॉर्ड निघाली. ती आज जगभर ऐकली जाते, तेव्हा इथं फारशी कुणी घेतली नाही. मग १९८३ साली यामाहाचा डीएक्स७ आला. तो डिजिटल, आणि त्याची आवाज बनवण्याची रीतच निराळी. अ‍ॅनालॉग यंत्रं हळूहळू मागं पडली. १९९९ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीनं आपल्या व्हीएसटी पद्धतीत, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला छोटी जोड-सॉफ्टवेअर (प्लगइन) लावायच्या पद्धतीत, वाद्यांची सोय केली आणि जुन्या यंत्रांच्या नकला संगणकात वाजू लागल्या. आज जुनी खरी यंत्रं लाखांत जातात. नकला काही हजारांत मिळतात, काही तर फुकट.

आता ओतकामाकडं येऊ, कारण इथं वेळ दिला तर पुढचं सगळं सोपं जातं.

ऑसिलेटरला काही ठराविक आकार असतात. करवतीच्या दातासारखा तो सॉ, चौकोनी तो स्क्वेअर, डोंगरासारखा तो ट्रँगल. चित्र बघून काही कळत नाही, कानाला विचारावं लागतं, आणि आपल्या कानाला हे उत्तर फार पूर्वीपासून माहीत आहे. तंबोरा चांगला लागला, जवारी मोकळी असली, की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. मिरजेचे कारागीर घोडीवर तासन् तास काम करून जी जवारी काढतात ती याचसाठी. एक तार छेडली तरी तिच्यातून एकटा सूर निघत नाही. १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांचा, षड्ज असेल तर त्याच्या पोटात २००, ३००, ४००, ५०० असे पटीतले सूर बारीक आवाजात वाजत असतात. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे पंचम, चौपट पुन्हा सा, आणि पाचपट म्हणजे तो गंधार.

सॉ आकारात हे सगळे उपसूर हजर असतात. दुसरा निम्म्या जोरानं, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जातात. म्हणून सॉ हे सगळ्यात भरीव कास्टिंग. स्क्वेअरमध्ये फक्त विषम उपसूर असतात, पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. मधले सा गायब झाल्यानं आवाज पोकळ, बँडमधल्या क्लॅरिनेटच्या जवळचा वाटतो. ट्रँगलमध्येही विषमच, पण ते इतक्या झटक्यानं क्षीण होतात की आवाज जवळजवळ बासरीसारखा मऊ. ट्रँगलवर फिल्टर लावून काही होत नाही अशी तक्रार मी शिकाऊंकडून खूप ऐकते. होणार कसं? कास्टिंगच बारीक घेतलंय, कातायला लोखंड कुठंय?

गेल्या दिवाळीत भाचा सुट्टीला आला होता, अकरावीतला. त्याला मी एक प्रयोग करायला लावला. तुम्हीही करा, कुठल्याही सिंथवर चालतो. कोरा पॅच उघडायचा (पॅच म्हणजे बटणांची एक मांडणी, एक आवाज), बहुतेक ठिकाणी त्याला इनिट म्हणतात. एकच ऑसिलेटर, सॉ. खालच्या सप्तकातली पट्टी दाबून धरायची. फिल्टर लो-पास, म्हणजे खालचं जाऊ देणारा आणि वरचं कापणारा. कटऑफचं बटण, म्हणजे फिल्टरनं कुठून वर कापायचं ते ठरवणारं, पूर्ण बंद करायचं. आता रेझोनन्स नावाचं बटण बरंच वर न्यायचं, शिट्टी वाजायला लागेल त्याच्या अलीकडं थांबायचं. रेझोनन्स म्हणजे जिथं फिल्टर कापतो नेमक्या त्याच जागेला दिलेला उठाव. मग कटऑफ अगदी सावकाश, केसाएवढा केसाएवढा उघडायचा.

भाच्यानं हेडफोन लावले होते. आधी सा, मग वरचा सा, मग पंचम, पुन्हा सा. त्यानं बटण आणखी थोडं सरकवलं आणि थांबला. हेडफोन एका कानावरून काढून म्हणाला, "आत्या, गंधार कोण वाजवायलंय?" मी त्याचा हात बाजूला केला, कपाटावरचा तंबोरा काढून आणला आणि खर्ज छेडला. तो पुन्हा म्हणाला, "आयला, हे तर तेच आहे की." पुढं बटण सरकवलं तर पंचम, मग थोडा उतरलेला कोमल निषाद, मग पुन्हा सा. त्या दुपारी त्याला फिल्टर कळला. पुस्तकातून कळायला मला दोन वर्षं लागली होती.

फिल्टर किती तीव्र कापतो याला आकडा असतो. मिनीमूगचा फिल्टर सप्तकामागं २४ डेसिबल उतरवतो. १२ डेसिबलवाले फिल्टरही खूप आहेत, ते सौम्य, वरची थोडी झळाळी राहू देणारे. जाड, गोल, दबलेला बास हवा असेल तर २४. तारांच्या वाद्यांसारखा थोडा किरकिरा हवा असेल तर १२ वर ऐकून बघा.

एन्व्हलपचं फार वाढवत नाही. सूर दाबल्यावर किती वेळात चढायचं, मग किती उतरायचं, बोट असेपर्यंत कुठं थांबायचं, बोट उचलल्यावर किती रेंगाळायचं, असे चार टप्पे. लक्षात ठेवायचं ते इतकंच की एक एन्व्हलप आवाजाच्या जोराला असतो आणि दुसरा फिल्टरला, आणि आवाजाचा स्वभाव बहुतेक वेळा फिल्टरवाल्यात असतो. पॅच आवडत नसेल तर आधी तिकडं हात घाला. मूळ मिनीमूगला चौथा टप्पा, रिलीज, वेगळा नव्हताच, एक स्विच होता. तरी त्यावर उत्तमोत्तम संगीत झालं.

दोन ऑसिलेटर का असतात हे पेटीवाल्यांना सांगायला नको. पेटीत एकाच सुराच्या दोन रीड किंचित वेगळ्या लावल्या की लाट येते. २२० आणि २२१ हर्ट्झ एकत्र वाजवले तर सेकंदाला एक लाट, २२० आणि २२३ ला तीन. सिंथमध्ये हे डिट्यून नावाच्या बटणानं होतं. फक्त सिंथ हा फरक हर्ट्झमध्ये न मोजता सेंटमध्ये, म्हणजे अर्धसुराच्या शंभराव्या भागात, सुराच्या प्रमाणात मोजतो. त्यामुळं दोन सप्तकं वर गेलात की तीच लाट चौपट वेगानं येते. खाली मधाळ वाटणारा पॅच वर गेल्यावर मच्छरासारखा होतो तो यामुळं.

आता अवघड भाग. हे सगळं संगणकात घालताना काय बिघडतं, आणि चांगली नक्कल कशी ओळखायची?

संगणक आवाज सलग ठेवत नाही, त्याचे तुकडे ठेवतो, सेकंदाला बहुधा ४४,१०० सॅम्पल. या हिशोबात २२,०५० हर्ट्झच्या वरचा सूर बसतच नाही. पण आपला सॉ तर उपसुरांनी खच्चून भरलेला. २,००० हर्ट्झचा सूर वाजवला तर त्याचा बारावा उपसूर २४,००० चा. तो जाणार कुठं? तो मर्यादेला आपटून उलट येतो आणि २०,१०० होऊन वाजतो. विसावा ४०,००० चा, तो ४,१०० होऊन येतो. एकविसावा २,१०० होऊन अगदी मूळ सुराच्या शेजारी येऊन बसतो, आणि त्याचं आपल्या षड्जाशी कसलंही नातं नसतं. जुन्या सिनेमात टांगा पळताना चाक उलटं फिरताना दिसतं ना, कॅमेऱ्याची चित्रं चाकाच्या वेगाला कमी पडतात म्हणून, तसंच हे. याला एलियसिंग म्हणतात. स्वस्तात लिहिलेल्या सिंथचा वरच्या सप्तकातला पत्र्यासारखा, थोडा बेसूर आवाज बहुतेक वेळा यानंच येतो.

याची परीक्षा दुकानात बांगडी वाजवून बघण्याइतकी सोपी आहे. सॉ, फिल्टर पूर्ण उघडा, इफेक्ट सगळे बंद, सगळ्यात वरच्या सप्तकातली पट्टी, आणि पिच व्हील, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारं चाक, हळूहळू वर. सूर वर चढत असताना मागं काहीतरी खाली उतरताना ऐकू आलं तर तो सिंथ माझ्याकडं नको.

दुसरी अडचण फिल्टरची आहे. खऱ्या फिल्टरमध्ये बाहेर पडणारा आवाज त्याच क्षणी परत आत जातो, रेझोनन्स तिथूनच तयार होतो. संगणक मात्र एका वेळी एक सॅम्पल सोडवतो. आताचं उत्तर काढायला त्याला आताचंच उत्तर हवं असतं. जुन्या प्लगइनमध्ये यावर तोडगा म्हणून मागच्या सॅम्पलचं उत्तर आत घालत. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. वर उभा असलेला ओरडतो "भरली, बंद कर", खालच्याला ते ऐकू येऊन तो मोटर बंद करेपर्यंत पाणी गच्चीवर सांडलेलं असतं. तेवढ्या उशिरानं रेझोनन्सचा सूर सरकतो, कटऑफ भराभर फिरवला की आवाज कोरडा तुटतो. आताचे चांगले सिंथ प्रत्येक सॅम्पलला ते गणित पुन्हा पुन्हा सोडवून नेमक्या उत्तराजवळ पोचतात. बर्लिनच्या यु-ही कंपनीचा डिव्हा यासाठी नावाजला गेला. फरक ऐकू येतो, आणि संगणकाचा पंखाही तो ऐकवतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डिव्हाचा एक जाड पॅच चार बोटांनी धरला की संगणकाच्या भाराचा मीटर निम्म्याच्या वर जायचा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची. खऱ्या यंत्रातले ट्रान्झिस्टर तापतात, सुटे भाग एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळं प्रत्येक सूर जरासा हलतो. पाच आवाजांच्या यंत्रात पाचही आवाज सख्ख्या भावंडांसारखे, एकसारखे आणि तरी वेगळे. शिवाय मिक्सरमधून फिल्टरला जोरात आवाज ढकलला की तो थोडा चुरडतो आणि जाड होतो. चांगली नक्कल हे सगळं गणितात धरते. डिव्हात प्रत्येक आवाज किती वेगळा असावा याची बटणं दिलेली आहेत. ती पूर्ण शून्यावर नेऊन एकदा ऐका आणि मग थोडी उघडा. भजनातला कोरस आणि एकाच गायकाचा पाच वेळा चिकटवलेला आवाज यात जो फरक, तोच.

निवडायचं कसं, हे विचारायला लोक माझ्याकडं येतात तेव्हा मी आधी त्यांचा संगणक विचारते आणि मग ते कुठलं संगीत करतात ते. यादी मागितली तर देत नाही.

जुन्या यंत्रांचे ढोबळमानानं तीन स्वभाव आहेत. मूगच्या घराण्यातले एका वेळी एकच सूर काढणारे, तीन ऑसिलेटरचे, जड अंगाचे. बास आणि एकट्यानं गाणारी धून हे त्यांचं काम. प्रॉफेट आणि ओबरहाइमच्या घराण्यातले अनेक सुरांचे, रुंद, पितळी वाद्यांसारखे उजळणारे. आणि रोलँडचे ज्युनो. १९८२ चा ज्युनो-६०, १९८४ चा ज्युनो-१०६. सहा सूर, प्रत्येकाला एकच ऑसिलेटर, तोही डिजिटल घड्याळावर चालणारा म्हणून सुराला पक्का, जोर आणि फिल्टर दोघांना मिळून एकच एन्व्हलप आणि शेवटी कोरस नावाचा जाडी देणारा इफेक्ट. अंगानं सगळ्यात साधं यंत्र.

शिकणाऱ्यानं ज्युनोच्या नकलेपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सगळी बटणं एका पानावर दिसतात, डावीकडून उजवीकडं आवाज जसा जातो तशीच मांडलेली. लपलेलं काही नाही. संगणकावर भारही कमी. टाल कंपनीचा यु-नो-एलएक्स ज्युनो-६० वरून केलेला आहे, तो मी रोज वापरते. पैसे घालायचे नसतील तर त्याच कंपनीचा नॉइजमेकर फुकट आहे, यु-हीचा टायरेल एन६ फुकट आहे. सर्ज एक्सटी हा तर मुक्तस्रोत सिंथ, त्याची ताकद अफाट. पण तो एका जुन्या यंत्राची नक्कल नव्हे, त्यात इतकं काही आहे की नवखा माणूस जत्रेत पोर हरवावं तसा हरवतो. पहिल्या सहा महिन्यांनंतर घ्या. आर्टुरियासारख्या कंपन्या डझनावारी यंत्रांचा एकत्र संच विकतात. संच मोहक असतो. मीही एक घेतला होता, आणि त्या वर्षी माझं काम सगळ्यात कमी झालं, कारण रोज रात्री मी नवीन प्रीसेट, म्हणजे कंपनीनं आधीच बनवून दिलेले आवाज, ऐकत बसायची. हजारो आवाज ऐकले आणि एकही बनवला नाही.

विकत घेण्याआधी डेमो घ्या. बहुतेक कंपन्या देतात, मध्येमध्ये खरखर घालतात किंवा साठवू देत नाहीत, पण ऐकायला पुरतो. तुमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला कुठली जात लागते ते बघा, विंडोजवर बहुधा व्हीएसटी३, अ‍ॅपलच्या लॉजिकमध्ये एयू. नोव्हेंबरअखेरीस सूट असते, तोवर थांबलात तर काही बिघडत नाही. पैसे परदेशी खात्यात जातात, तेव्हा कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का ते आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघून घ्या.

पेनड्राइव्हवरून मिळालेला चोरीचा सिंथ मात्र घेऊ नका. सुरुवातीला मी घेतला होता, ओळखीच्या एकानं प्रेमानं दिलेला. नाटकाच्या रंगीत तालमीच्या आदल्या रात्री तो उघडेना, आणि त्याच्यासोबत सात प्रसंगांचं संगीत गेलं. रात्रभर बसून पेटीवर नवं केलं. ज्यांनी दोन-दोन वर्षं बसून ते फिल्टरचं गणित सोडवलं त्यांचे पैसे बुडवले होते हेही त्या रात्री टोचलं. फुकट आणि चांगले इतके असताना तशी वेळ कुणावर यायला नको.

वाजवताना पहिला त्रास उशिराचा होतो. पट्टी दाबली आणि आवाज मागाहून आला. याचं कारण बफर, संगणक एका वेळी किती सॅम्पल हातात घेतो तो आकडा. ४४,१०० च्या हिशोबात १२८ म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३. आवाजाला हवेतून मीटरभर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १०२४ वर तुम्ही वाजवताय ती पेटी आठ मीटरवर ठेवलेली आहे असं समजा. वाजवताना १२८, जमलं नाही तर २५६. वाजवून झालं, मिक्सिंगला बसलात, की १०२४. जो ट्रॅक पक्का झाला तो फ्रीझ करा. सिंथचं गणित थांबतं आणि तयार आवाज वाजतो, दुसऱ्या ट्रॅकला जागा मिळते. ऑडिओ इंटरफेस (संगणकाला जोडायचं आवाजाचं बाहेरचं यंत्र) नसेल आणि विंडोज असेल तर एएसआयओफोरऑल नावाचा फुकट ड्रायव्हर बराच फरक पाडतो.

मींड हवी असेल तर आवाज मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर, करा, लेगाटो चालू करा आणि ग्लाइड थोडा वाढवा. मग बोट न उचलता दुसरी पट्टी दाबली की सूर घसरत जातो, उचलून दाबली की सरळ लागतो. ही एक सोय पेटीला कधीच नव्हती, आणि पेटीवाली म्हणून सांगते, पहिल्यांदा मींड निघाली तेव्हा मी अर्धा तास फक्त ग ते प करत बसले होते. पिच व्हीलची मर्यादा सहसा दोन अर्धसुरांची असते. ती पाचसातवर नेली तर हातानंही मींड काढता येते, फक्त सवय लागते.

सुराचा प्रश्न राहतोच. कीबोर्डचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अभंगाच्या रेकॉर्डिंगला मी खाली सा-ग-प असा पॅड, म्हणजे मागं लांब धरलेला मऊ आवाज, धरला होता. गायक काका दोनदा थांबले, तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, खाली काहीतरी टोचतंय." मी गंधार काढून नुसता सा-प ठेवला आणि ते पुढच्या टेकमध्ये एका दमात गायले. तोच सगळ्यात सोपा उपाय. गंधार हवाच असेल तर सर्ज एक्सटीमध्ये स्वरसप्तकाची फाइल घालता येते, डिव्हालाही तशी सोय आहे. मग पॅड तंबोऱ्याशी भांडत नाही.

बासची एक गोष्ट आपल्याकडं विशेष. कोल्हापुरात तुमचं गाणं शेवटी हॉलच्या किंवा मिरवणुकीच्या साउंडवर वाजणार, आणि तिथं डावा-उजवा सहसा एकच केलेला असतो. युनिसन (एकाच सुराचे अनेक थर) चालू करून दोन्हीकडं पसरवलेला बास हेडफोनवर अंगावर येतो, आणि दोन बाजू एकत्र केल्या की त्यातला बराचसा एकमेकांना खोडून नाहीसा होतो. बास एकाच ऑसिलेटरचा, मध्यभागी ठेवा. ढोलकीच्या धुमाला खाली जागा लागते, तेव्हा बासचा अटॅक, म्हणजे एन्व्हलपचा चढायचा वेळ, थोडा वाढवा, म्हणजे थाप आधी आणि सूर मागून.

केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाल्यावर आमच्या ग्रुपनं एक प्रयोग एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये केला. पत्र्याचं छत, घुमणारा आवाज. मी शेवटच्या प्रसंगासाठी एक भव्य प्रीसेट आणला होता, सहा सूर, लांबलचक रिव्हर्ब (घुमारा). तालमीत तो सुरू झाला आणि म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंचं एक वाक्यही मागच्या रांगेला कळेना. दिग्दर्शक मागून ओरडले, "म्युझिक बंद करा." बंद केलं.

घरी येऊन मी ज्युनो उघडला, इनिट केला. एक सॉ, कोरस, सा आणि प. माणसाच्या बोलण्यातली अक्षरं ओळखू येतात ती बहुतेक १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, तेवढं सगळं मला कातून काढायचं होतं. कटऑफ खाली आणत गेले, पॅडमधली झळाळी गेली, मग कड गेली, शेवटी तंबोरा पलीकडच्या खोलीत कुणीतरी छेडतंय असं काहीसं उरलं. रिव्हर्ब काढला, हॉल पुरेसा घुमत होता. कटऑफ कीबोर्डच्या एका बटणाला जोडला.

प्रयोगाच्या रात्री मी विंगेत बसले होते. बाईंनी बोलायला सुरुवात केली की बटण डावीकडं, त्या थांबल्या की उजवीकडं, जेमतेम दोन रेघा. शेवटचं वाक्य संपल्यावर त्या दार उघडून बाहेर जातात आणि मंचावर कुणी नसतं. तिथं मी कटऑफ पूर्ण उघडला, सावकाश, बाबा शेवटचा कट द्यायचे त्या वेगानं, आणि पत्र्याखालच्या त्या हॉलमध्ये आधी पंचम, मग गंधार ऐकू आला.